डायरेक्ट

आगीला ३१ तास. शनिवार, दुपारी २:४०

जीप निंबाखाली उभी होती, बॉनेट उघडं. मे २०२२. फुलसावंगीत त्या महिन्यात दुपारी पावणेतीनला शहाणा माणूस लोखंडाला हात लावत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुसदला भाच्याचं लग्न होतं आणि त्याची यादी सकाळीच आली होती: बंपरवर एलईडीचा लांब बार, मागे अ‍ॅम्प आणि दोन वूफर, आत निळ्या दिव्यांची पट्टी, दोन मोबाइल चार्जर. "मामा, वरात वाटली पाह्यजे." गाडी माझी, म्हणून खर्च माझा. हौस त्याची. पुढच्या एकतीस तासांत जे जे बोललं गेलं, त्यातलं एक वाक्य मात्र नक्की माझं आहे. ते यथावकाश येईलच.

वायरिंगवाला पोरगा गावातलाच. टपरी, तीन जुन्या बॅटऱ्या, एक चार्जर, खिशात टेस्ट लॅम्प. त्याने बारच्या खोक्यावरचे वॅट वाचले, अ‍ॅम्प उलटा करून पाहिला, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी नखाने खरवडली आणि खाली बसून काडीने मातीत चित्र काढायला घेतलं. एक चौकोन बॅटरीचा. तिच्या प्लसपासून वीतभर अंतरावर चाळीसचा मेन फ्यूज. तिथून सहा स्क्वेअरची जाड वायर डॅशबोर्डखालच्या फ्यूजपेटीत. पेटीतून प्रत्येकाची वेगळी फांदी: बारला पंधराचा निळा फ्यूज, अ‍ॅम्पला पंचवीसचा पांढरा, चार्जर आणि पट्टीला पाचाचा. बारला रिले. रिलेच्या ३० नंबरच्या पायावर बॅटरीकडून येणारी वायर, ८७ वरून बार, ८५ ला बॉडी अर्थ, ८६ ला स्विच. म्हणजे बोटाखालच्या स्विचमधून चिमूटभर करंट जातो आणि खरा भार रिले आपल्या अंगावर घेतो.

"अ‍ॅम्पला त्याचा फ्यूज हाय की मागं," मी म्हणालो.

"तो अ‍ॅम्पचा हाय भाऊ. वायरीचा नाही."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. फ्यूज वस्तू वाचवायला असतो अशी आपली समजूत असते. खरं तर तो वायर वाचवायला असतो. बॅटरी पुढे आणि अ‍ॅम्प मागे, मध्ये चार मीटर वायर. त्या चार मीटरमध्ये कुठेही तांबं पत्र्याला लागलं, तर करंट अ‍ॅम्पपर्यंत पोचतच नाही, मधूनच पत्र्यात उतरतो. मागच्या टोकाचा फ्यूज धडधाकट राहतो आणि वायर लाल होते. म्हणून फ्यूज जिथून करंट निघतो तिथे लावायचा, बॅटरीला खेटून. पोराने मातीत वीतभरावर जी आडवी रेघ मारली होती, ती एवढ्यासाठी.

"सामान पुसदले भेटते. उद्या सकाळी जाऊन आनतो, दुपारलोक लावून देतो."

उद्या सकाळी आठला आम्ही निघणार होतो.

घरात कूलर आणि मोटरची वायरिंग करून उरलेलं अडीच स्क्वेअरचं लाल बंडल माळ्यावर पडलेलं होतं. ते मीच उतरवून आणलं. शिवाय ज्ञानही दिलं: "अरे, ह्या वायरीवर गिझर चालते घरात. तुह्या बाजाची काय कथा!"

आता हिशोब मांडून पाहतो तेव्हा हसू येत नाही. घरात २३० व्होल्ट असतात. २,००० वॅटचा गिझर तिथे नऊ अँपिअरसुद्धा घेत नाही. गाडीत १२ व्होल्ट. तिथे ४०० वॅटला तेहतीस अँपिअर लागतात. गिझरच्या पाचव्या हिश्श्याचं यंत्र जवळपास चौपट करंट ओढतं, आणि वायर तापते ती अँपिअरने. वॅटशी तिचं देणंघेणं नाही. पोराला हे शाळेत कोणी शिकवलं नसावं. हाताला चटके बसून आलेलं शहाणपण होतं. त्याने बंडल हातात घेतलं, दोन बोटांत वायर फिरवली आणि काही बोलला नाही. वडीलधाऱ्याने माळ्यावरून उतरवून आणलेली वस्तू परत कशी करणार?

आगीला २९ तास. दुपारी ४:४०

इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला त्याने ड्रिलने भोक पाडलं. चुरा खाली सांडला. भोकाची कड त्याने चाचपली तर बोटाला रक्त आलं. "इथं रबर लागते, भाऊ." असं रबरी बुश दोन-पाच रुपयांना मिळतं. कारखान्यातून येणाऱ्या गाडीत पत्र्यातून जाणारी एकही वायर अशा रबराशिवाय नसते. टपरीत ते नव्हतं. मग काळ्या टेपचे तीन वेढे. उन्हाळ्यात बॉनेटखाली त्या टेपचा डिंक पाघळतो आणि वेढे आपोआप सुटतात, हे ज्याने जुनी गाडी वापरली आहे त्याला सांगायला नको. वायर जरा आखूड पडत होती, म्हणून ताणून घेतली. ती भोकाच्या कडेवर सतारीच्या तारेसारखी बसली.

एक गोष्ट त्याने मात्र माझं न ऐकता केली. बॅटरीजवळ फ्यूज होल्डर लावला आणि त्यात वीसचा पिवळा फ्यूज टोचला. त्याच्याकडे वीसचेच दोन होते.

आगीला २८ तासांना थोडे कमी. संध्याकाळी ५:५०

बार पेटला. दिवसाउजेडी डोळे दिपले. अ‍ॅम्प चालू झाला, निंबावरचे कावळे उडाले, पोट्टे गोळा झाले. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर सगळं एकदम गप्प.

पोराने फ्यूज उपसून उन्हाकडे धरला. पिवळ्या पारदर्शक प्लास्टिकच्या आत एरवी नागमोडी पट्टी दिसते. ती मधोमध तुटली होती, दोन्ही टोकांना बारीक गोळ्या. प्लास्टिक जराही काळं पडलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवण्यासारखं: शॉर्टसर्किटने उडालेला फ्यूज आतून काळवंडतो, कारण त्यातली पट्टी क्षणात वाफ होते. ओझं जास्त झाल्यामुळे तुटलेला फ्यूज असा स्वच्छ तुटतो. बार दहा अँपिअर ओढत होता, अ‍ॅम्प ठोक्यासरशी सतरा-अठरा. वीसच्या फ्यूजवर सत्तावीस. हे पात्याचे फ्यूज १९७६ साली अमेरिकेत निघाले आणि पुढे जगभरच्या गाड्यांत गेले. त्यांचा स्वभाव ठरलेला आहे: थोडं जास्त ओझं तासन् तास सहन करतात, सव्वा-दीडपट झालं की काही मिनिटांत मान टाकतात, दुप्पट झालं तर काही सेकंदांत. अडीच गाणी चालला म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं होतं. आम्हाला तो दगाबाज वाटला.

दुसरा पिवळा लावला. तो दोन गाणीही टिकला नाही.

"भाऊ, हे वायर गरम होऊन राह्यली. एक काम करू, अ‍ॅम्प राहू द्या, खाली बार चालवू."

भाच्याचा चेहरा उतरला. हळदीला पाहुणे येऊ लागले होते. ताई घरातून दोनदा हाक मारून गेली. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "फ्यूज राहू दे रे. डायरेक्ट मार."

गॅरेजच्या भाषेत 'डायरेक्ट' हा मोठा लाडका शब्द आहे. पंखा चालत नाही, डायरेक्ट मार. हॉर्न वाजत नाही, डायरेक्ट मार. मधलं सगळं काढून टाकायचं आणि बॅटरीला सरळ जोडायचं. त्यात एक रुबाब आहे, मधल्या माणसाला बाजूला केल्याचा.

पोराने होल्डर कापला. दोन्ही टोकांची लाल कातडी दातांनी सोलली. त्यासाठी तो खाली वाकला तेव्हा मी मोबाइलचा उजेड धरला होता. त्याने तांब्याचे धागे समोरासमोर धरून पीळ दिला, पक्कडीने शेवटची दीड गिरकी घातली, पुन्हा टेप. पीळ सुरेख होता. असा पीळ घालायला हात लागतो. कापलेला होल्डर त्याने वायरीवरच लोंबकळत ठेवला. उद्यापरवा पुन्हा लावू, म्हणाला.

आगीला २५ तास. रात्री ८:४०

बारच्या झोतात निंबाची पानं पांढरी दिसत होती. किडे भिरभिरत होते. खाटेवर बसलेल्या पाहुण्यांत बोलणं फिरत फिरत हेलिकॉप्टरवर आलं. फुलसावंगीत चार माणसं आणि एक इंजिन जमलं की ते येतंच.

नऊच महिने झाले होते. गावातल्या चोवीस वर्षांच्या, आठवीत शाळा सोडलेल्या एका वेल्डरने कपाटं-कूलर बनवता बनवता मारुती ८०० चं इंजिन घेऊन हेलिकॉप्टर उभं केलं होतं. १५ ऑगस्टला ते लोकांना दाखवायचं होतं. १० ऑगस्ट २०२१ च्या रात्री त्याने ते चालवून पाहिलं. शेपटीचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि पंख्याचं पातं त्याच्या डोक्यात. पुसदपर्यंत नेलं, पण तो गेला. देशभर बातम्या झाल्या. फुलसावंगी हे नाव त्या आठवड्यात कितीतरी लोकांनी पहिल्यांदा ऐकलं.

लोक म्हणतात, येडं धाडस. मला तसं म्हणवत नाही. त्याच्या हातात कसब होतं, आणि ते त्याने सगळ्यांसमोर, वर्षानुवर्षं खपून लावलं. त्याची चूक मोठ्या माणसाची होती. आमची नव्हती. पण त्या रात्री खाटेवर पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यात आली आणि तशीच निघूनही गेली: यंत्रात काहीतरी कधीतरी तुटणारच, मग सर्वांत आधी काय तुटावं हे कोणी ठरवून ठेवलं आहे का? हेलिकॉप्टरात ते ठरवणं अवघड. इंजिनिअरांची अख्खी आयुष्यं त्यात जातात. गाडीच्या वायरीत ते दहा रुपयांत ठरवता येतं. पिवळ्या प्लास्टिकमधली ती नागमोडी पट्टी म्हणजे तेच, तुटण्यासाठी मुद्दाम नेमलेली जागा. आम्ही ती संध्याकाळी सहाला कापली होती.

आगीला १४ तास. रविवार, सकाळी ७:४०

निघालो. शिरा-पोहे, नारळ, चाकाखाली लिंबू.

आगीला १२ तास. सकाळी ९:४०

महागाव ओलांडून पुसदच्या रस्त्याला. पुढच्या सीटवर बसलेल्या मावशी पाय वर घेऊन बसल्या. "पायाशी चटका लागते बाई." डॅशबोर्डखालून गेलेली वायर कोमट झाली होती. इंजिनाची ऊब असेल म्हटलं. अडीच स्क्वेअरच्या चार मीटर तांब्यातून सत्तावीस अँपिअर गेले की त्यात वीसेक वॅटची उष्णता होते, साधारण रेडिओ दुरुस्तीच्या सोल्डरिंग आयर्नएवढी. ती चार मीटरभर पसरलेली असते म्हणून नुसतं कोमट लागतं. पण पिळलेल्या जॉइंटमध्ये तांबं तांब्याला सगळीकडून चिकटत नाही. तिथे अडथळा जास्त, म्हणून बोटाएवढ्या जागेत पंधरा वॅटही साठू शकतात. आणि घरातल्या वायरीचं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच्या कामाला बनवलेलं असतं. मे महिन्यात चालत्या डिझेल इंजिनाशेजारची हवाच ८० च्या पुढे जाते. म्हणजे वायरीत काही न सोडतासुद्धा ती तिथे राहायला नालायक होती.

आगीला ८ तास. दुपारी १:४०

सव्वाबाराचा मुहूर्त दीडला लागला. तो उशीर फार नाही. जीप मंगल कार्यालयासमोर उन्हात, इंजिन चालू ठेवून, कारण गाणी वाजवायची होती आणि बॅटरी उतरू द्यायची नव्हती. अक्षता पडल्या, भाचा माझ्या पाया पडला, ताई रडली. वायरीचा विचार मी दिवसभरात एकदाही केला नाही.

आगीला ४ तास. संध्याकाळी ५:४०

अ‍ॅम्प अधूनमधून बंद पडू लागला, लाल दिवा दाखवून. भाच्याचे मित्र म्हणाले, तापला असेल, आणि त्याच्यावर ओला रुमाल टाकला. व्होल्ट कमी पोचले की अ‍ॅम्प स्वतःला बंद करून घेतो. वायर तापली की तिचा अडथळा वाढतो, पुढे व्होल्ट कमी जातात. अ‍ॅम्पसुद्धा सांगत होता. दोन फ्यूज, मावशी आणि आता हा. चौघांनी सांगून झालं होतं.

आगीला २ तास. संध्याकाळी ७:४०

पाठवणी. नवरा-नवरी फुलं लावलेल्या कारमध्ये, पुरुष मंडळी टेम्पोत. जीपमध्ये मी, मावशी, तीन म्हाताऱ्या, चार मुलं, आणि मागे रुखवत: क्रोशाची तोरणं, मण्यांचा ताजमहाल, सुनेची पत्र्याची पेटी. पेटीत साड्या आणि तिची बी.ए.पर्यंतची सगळी कागदपत्रं. पान्यांची पिशवी त्या पेटीच्याही खाली.

बार लावला. वरात वाटली पाहिजे.

आगीला ५५ मिनिटे. रात्री ८:४५

वास आला. ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही, गोडसर, घशाला खवखवणारा, तापलेल्या प्लास्टिकचा. "काही जळून राह्यलं का रे?" मावशींनी विचारलं. बाहेर कुठेतरी बांध पेटवला असेल म्हणालो. मे महिन्यात शेतकरी धुरे जाळतात; ते खोटं नव्हतं. फक्त तो वास तो नव्हता.

आगीला २५ मिनिटे. रात्री ९:१५

महागाव मागे पडलं. फुलसावंगीचा रस्ता. खड्ड्यात चाक गेलं की सगळे दिवे क्षणभर मंद व्हायचे आणि पुन्हा उजळायचे. प्रत्येक खड्ड्याला. मला वाटलं, टर्मिनल सैल आहे, घरी गेल्यावर आवळू.

त्या वेळी पत्र्याच्या भोकात काय चाललं होतं ते आता सांगता येतं. टेपचे वेढे पाघळून सरकले होते. लाल प्लास्टिक मऊ झालं होतं, आणि ताणून बसवलेली वायर धारदार कडेवर चाकाच्या प्रत्येक दणक्याला घासत होती. तांबं उघडं पडलं होतं. खड्डा आला की ते पत्र्याला टेकायचं, ठिणगी पडायची, बॅटरीचा सगळा जोर तिथे ओतला जायचा म्हणून दिवे मंदावायचे. गाडी सावरली की तांबं सुटायचं. डिझेल गाडीची बॅटरी सेल्फ मारताना काही शे अँपिअर देते. तेवढंच ती अशा जागीही देते. तिला फरक कळत नाही.

१२ व्होल्टला आपण घाबरत नाही, कारण झटका बसत नाही. फुलसावंगीत वेल्डिंगची दुकानं आहेत. तिथे कोणालाही विचारा. वेल्डिंगची ठिणगी पेटलेली असते तेव्हा तिथे वीस-पंचवीस व्होल्टच असतात. लोखंड वितळतं ते शंभरेक अँपिअरने. बॅटरी म्हणजे कमी व्होल्टचं, पण भरपूर अँपिअरचं वेल्डिंग मशीन. आम्ही ते बॉनेटखाली चालू करून नऊ माणसं घेऊन चाललो होतो.

आगीला ४ मिनिटे. रात्री ९:३६

गावाचे दिवे दिसू लागले. बँडवाल्यांचा ढोल ऐकू आला. स्वागताला लोक वेशीजवळ थांबले होते. मुलं मागे नाचू लागली.

आगीला १ मिनिट. रात्री ९:३९

डॅशबोर्डखालून, मावशींच्या पायांजवळून, पांढरा धूर. दाट, जमिनीलगत पसरणारा. मी गाडी कडेला घेतली आणि किल्ली काढली.

इंजिन बंद पडलं. गाणं बंद पडलं नाही.

ते अडखळत, घरघरत वाजतच राहिलं. किल्ली माझ्या मुठीत, आणि मागचा वूफर अजून धडधडतोय. त्या क्षणी 'डायरेक्ट' म्हणजे काय ते मला कळलं. किल्लीच्या पलीकडे, फ्यूजच्या पलीकडे, माझ्या हुकमाच्या पलीकडे. गाडीचं तेवढं अंग आता माझं ऐकत नव्हतं.

रात्री ९:४०

ओरडून सगळ्यांना उतरवलं. जुनी जीप, साधे हाताचे दरवाजे, म्हणून उघडले. पुढच्या फेब्रुवारीत, २०२३ मध्ये, केरळात कन्नूरला बाळंतपणासाठी रुग्णालयात निघालेली गरोदर स्त्री आणि तिचा नवरा गाडीच्या आगीत गेले. मागच्या सीटवरचे चौघे वाचले, पुढचे दोघे बाहेर येऊ शकले नाहीत. प्राथमिक तपासात शॉर्टसर्किटचं कारण पुढे आलं. ती बातमी मी तीनदा वाचली आणि प्रत्येक वेळी आमच्या जीपचे कडी-कोयंड्यासारखे दरवाजे आठवले. आमच्या तीन म्हाताऱ्यांना उतरायला जो वेळ लागला, तेवढा वेळ आम्हाला मिळाला. त्यात हुशारी कोणाचीच नव्हती.

मी बॉनेट उघडलं. उघडायला नको होतं. आत कोंडलेल्या आगीला वारा मिळाला आणि ती फस्सकन वर आली. बॅटरी दिसत होती, निगेटिव्हचं टर्मिनल दिसत होतं. नट १० नंबरचा. १० चा पाना पिशवीत, पिशवी पेटीखाली, पेटी रुखवताखाली. मी हाताने टर्मिनल उपटायचा प्रयत्न केला. ते पक्कं होतं. दोन्ही तळव्यांची कातडी त्याला चिकटून राहिली.

आत कुठेतरी तांब्याने शेवटी पत्र्याला घट्ट मिठी मारली असावी, कारण गाणं एका ठोक्यात तुटलं. लाल वायर भोकापासून बॅटरीपर्यंत विजेच्या शेगडीच्या तारेसारखी पेटलेली मी पाहिली. दोन सेकंद, फार तर तीन. मग ती भोकापाशी वितळून तुटली आणि विझली. सर्किट तुटलं, फ्यूजने करायचं काम वायरीने स्वतः जळून केलं. पण तोवर पत्र्यामागचा नमदा पेटला होता, खालची चटई पेटली होती, इंजिनावरचा वीस वर्षांचा तेलकट थर पेटला होता. आता विजेची गरज राहिली नव्हती.

आगीनंतर १० मिनिटे. रात्री ९:५०

बँड थांबला होता. लोक धावत आले. बादल्या, घागरी, शेतातली भुसभुशीत काळी माती फावड्याने. कोणीतरी मागून पेटी ओढायला गेलं तेव्हा काच फुटली आणि सगळे मागे सरले. अग्निशमनच्या गाडीला फोन लागला होता, पण ती यायची दुरून. ती आली तेव्हा टायर जळून संपले होते. नवी सून कारमधून उतरून शालू सावरत पाहत उभी होती. तिच्या पेटीत काय होतं हे तिलाच माहीत होतं. ती एक शब्द बोलली नाही. पुढे अमरावती विद्यापीठातून दुसऱ्या गुणपत्रिका काढताना तिने किती खेपा घातल्या, ते मला भाच्याने सांगितलं, तिने नाही.

जीपमध्ये विझवायचं नळकांडं नव्हतं. बारला पैसे होते.

आगीनंतर ३ दिवस. सकाळी ११

विम्याचा सर्व्हेअर आला. माझ्या तळव्यांना पट्ट्या होत्या म्हणून कागद भाच्याने धरले. माणूस शांत आणि कामसू. त्याने समजावून सांगितलं की आग आणि गाडी आपोआप पेटणं हे पूर्ण विम्यात धरलेलं असतं, पण कंपनीने न दिलेल्या, मागाहून बसवलेल्या विजेच्या वस्तू आधी कळवाव्या लागतात. त्यांच्या किमतीच्या चार टक्के जास्तीचा हप्ता असतो. "कळवलं होतं का?" नव्हतं.

मग तो सांगाड्यात वाकला. वायरिंगवाला पोरगाही आला होता, न बोलावता, टपरी बंद करून. सर्व्हेअरने एक काठी घेऊन राख उकरली. बॅटरीचं शिसं वितळून गोठलं होतं. लोंबकळत ठेवलेल्या होल्डरचा मागमूस नव्हता. वूफरचे चुंबक सापडले, बारची घडीव अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मेणासारखी वाकलेली. आणि बॅटरीच्या जागेपासून वीतभर अंतरावर, ज्या वीतभरावर मातीत आडवी रेघ मारली होती तिथेच, तांब्याचा एक तुकडा. प्लास्टिक पूर्ण गेलेलं, रंग काळपट जांभळा, आणि मधोमध तो पीळ. तसाच. पक्कडीची शेवटची दीड गिरकी मोजता येत होती.

सर्व्हेअरने तो चिमट्यात धरून फोटो काढला. उन्हाकडे धरून पाहिला. "इथे फ्यूज पाहिजे होता," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग वर पाहिलं. "हा जॉइंट कोणी मारला?"

पोराने माझ्याकडे पाहिलं नाही. "मी," तो म्हणाला.

सर्व्हेअरने लिहून घेतलं. मारायला कोणी सांगितलं होतं, हे त्याने विचारलं नाही. मीही बोललो नाही.